‘एकाच वेळी दोन्ही’ हे अर्धेच उत्तर. आधी अक्ष सांगा!

मोडनिंब : क्वांटम संगणकाची बातमी आली की एक वाक्य ठरलेले असते : इलेक्ट्रॉनचा स्पिन एकाच वेळी ‘वर’ही असतो आणि ‘खाली’ही. वाक्य खोटे नाही, पण अर्धवट आहे. कोणत्या अक्षावर मोजायचे, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

स्पिन मोजतात कसा?

१९२२ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे ऑटो स्टर्न आणि वाल्थर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. झोताचे सरळ दोन भाग झाले. त्यामागे इलेक्ट्रॉनचा स्पिन आहे, हे नंतर उमगले. कोणत्याही अक्षावर मोजा, उत्तरे दोनच.

अक्ष बदलला तर?

उभ्या अक्षावर ‘वर’ आलेले अणू पुन्हा त्याच अक्षावर मोजले, तर १०० टक्के ‘वर’. आडव्या अक्षावर मोजले, तर निम्मे डावे, निम्मे उजवे. त्यातले ‘उजवे’ निवडून परत उभ्या अक्षावर मोजले, तर पुन्हा निम्मे-निम्मे. पहिले उत्तर पुसले जाते. म्हणजे एका अक्षावर पक्की असलेली स्थितीच दुसऱ्या अक्षावर सुपरपोझिशन असते.

मोडनिंबहून ईशान्येला निघालेला माणूस उत्तरेलाही जातो आणि पूर्वेलाही. नकाशा ४५ अंशांत फिरवला की तो एकाच दिशेने जाताना दिसतो. उपमा इथेच संपते : मोजल्याने माणसाची वाट बदलत नाही, स्पिनची स्थिती बदलते.

हे आपले अज्ञान तर नाही?

नाही. निम्मे ‘वर’, निम्मे ‘खाली’ असे अणू नुसते मिसळले, तर आडव्या अक्षावरही निम्मे-निम्मेच येतात. ‘उजव्या’ स्थितीतले अणू उभ्या अक्षावर निम्मे-निम्मे विभागतात, पण आडव्या अक्षावर १०० टक्के उजवेच येतात. हा फरक अक्ष फिरवल्यावरच कळतो.

हे सांगणे का गरजेचे?

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यातील सेन्सिंग व मेट्रोलॉजीचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. तिथे उद्या गावाकडची मुलेही जायला हवीत. त्यांना आपण विज्ञान सांगतो की जादू? गूढ म्हणून सांगितले, तर मुले टाळ्या वाजवून विसरतात. अक्ष आणि टक्के सांगितले, तर वही काढून हिशेब करतात.