योग्य उमेदवार आढळला नाही

काही वर्षांपूर्वी विषयतज्ज्ञ म्हणून एका महाविद्यालयात गेलो होतो. सहायक प्राध्यापकाची एकच जागा, अनुसूचित जमातीसाठी राखीव. मुलाखतीला तिघे आले. त्यांतला एक त्याच महाविद्यालयात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता. सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेला. प्रश्न इंग्रजीतून सुरू झाले आणि तो अडखळला. तो बाहेर गेल्यावर कोणीतरी म्हणालं, "विषय येतो हो त्याला, पण छाप पडत नाही." दहा मिनिटांत अहवाल तयार झाला. कारणाच्या रकान्यात एकच ओळ : योग्य उमेदवार आढळला नाही. तिथले बहुतेक विद्यार्थी मराठीतून शिकतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी सही केली.

१९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी प्राध्यापकांसाठीच्या भांड्यातलं पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. आज स्टाफरूममध्ये पाण्याचं भांडं एकच असतं. पण खुर्च्या कोणाला मिळतात?

२०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ लाख शिक्षक आहेत. त्यांत अनुसूचित जातींचे ९ टक्क्यांच्या आसपास, जमातींचे अडीच टक्के. २०११च्या जनगणनेत लोकसंख्येतले त्यांचे वाटे अनुक्रमे १६.६ आणि ८.६ टक्के होते. शंभर पुरुष शिक्षकांमागे स्त्रिया ७७.

कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणाऱ्या बिंदुनामावलीचं गणित आपल्यापैकी अनेकांनी स्वतः मांडलं आहे. मार्च २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने संपूर्ण संस्थेऐवजी विभाग हे एकक धरायला सांगितलं, तेव्हा त्यातली मेख उघडी पडली. चौथी जागा इतर मागासवर्गाची, सातवी अनुसूचित जातीची, चौदावी जमातीची. तीन जणांच्या विभागात आरक्षण शून्य. आणि चौदा पदं असलेले विभाग आहेत तरी किती? देशभर आंदोलन झालं, २०१९मध्ये आधी अध्यादेश आणि मग कायदा आला, आणि केंद्रीय संस्थांमध्ये पुन्हा संपूर्ण संस्था हे एकक ठरलं. ही लढाई रस्त्यावर दिसली, म्हणून जिंकता आली. मुलाखतीच्या बंद दारामागे काय होतं ते मात्र कोणाला दिसत नाही.

आयोगाच्या २०१८च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकाच्या निवडीत शैक्षणिक गुण फक्त चाळणीपुरते ठेवले आणि अंतिम निवड मुलाखतीवर सोपवली. गुणांची विभागणी कशी असावी यावर आपल्या राज्यात पुढे बराच खल झाला. पण टक्के कितीही बदलले, तरी 'योग्य' म्हणजे काय हे टेबलाच्या अलीकडे बसलेलेच ठरवणार. त्याच नियमावलीत राखीव प्रवर्गातला किंवा स्त्री उमेदवार असेल, आणि समितीत त्या गटाचं कोणी नसेल, तर तसा प्राध्यापक नेमण्याची तरतूद आहे. आपण त्याला कोरम पुरा करणारा सदस्य समजतो. त्याचं मत विचारतो का?

स्त्री उमेदवारांना तर वेगळाच पेपर असतो. "मिस्टर कुठे असतात?", "मूल लहान आहे, जमेल का?" हे प्रश्न मी ऐकले आहेत. पुरुष उमेदवाराला ते विचारलेले मला आठवत नाहीत. नेमणूक झाल्यावर स्वागत समिती, सांस्कृतिक विभाग, नॅकच्या दिवशीची रांगोळी तिच्याकडे; परीक्षा आणि खरेदी समिती दुसऱ्याकडे. पुढे कॅसखालील पदोन्नतीच्या वेळी संशोधन कमी पडल्याचा शेराही तिच्याच फाइलवर.

विभागप्रमुखांना, प्राचार्यांना आणि विषयतज्ज्ञ म्हणून जाणाऱ्या सहकाऱ्यांना म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, ज्या भाषेत वर्ग चालतो त्याच भाषेत उमेदवाराला पंधरा मिनिटं शिकवायला लावा. बोलणं नव्हे, शिकवणं तपासा. दोन, 'योग्य नाही' लिहायचं असेल तर प्रत्येक उमेदवारापुढे कारण लिहा, आणि ते कारण वर्गातल्या कामाशी संबंधित असू द्या. तीन, समित्यांचं वाटप दरवर्षी फिरवा. यांतल्या एकाही गोष्टीसाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

त्या महाविद्यालयात मी पुढच्या वर्षी एका चर्चासत्राला गेलो. जागा अजून रिकामीच होती, म्हणजे कागदावर. वर्ग चालू होते. जाताना दाराशी क्षणभर थांबलो. फळ्याकडे पाठ करून, मुलांना हसवत, मराठीत छान समजावून सांगत होता तो. तासिका तत्त्वावर, दहावं वर्ष.