चौदाव्या वर्षी 'उमर निकल गई'

चौदा वर्षांची मुलगी म्हणते, आता वय निघून गेलं. हे तिला शिकवलं कुणी, याचा शोध घ्यायला हवा.

मी वर्ध्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, संध्याकाळी काही मराठी मुलांना उर्दू शिकवते आणि राहते नालवाडीला. "मुझसे नहीं होगा, आपा" हे वाक्य मी गणिताबद्दल ऐकलंय, इंग्रजीबद्दल ऐकलंय, सायकलबद्दलही ऐकलंय. पण नाचाबद्दल ते वेगळ्याच आवाजात येतं. गणित येत नाही हे पोरी भर वर्गात बिनधास्त सांगतात. नाच शिकायचा आहे हे मात्र वर्ग रिकामा झाल्यावर, दप्तराचा पट्टा पिळत सांगतात, आणि मी काही बोलायच्या आत नकारही स्वतःच देऊन टाकतात.

आपल्याकडे हा विषय निघाला की बोलणं थेट हलाल-हरामवर जातं. तो प्रश्न मी टाळणार नाही, पुढे येतेच. पण माझा अनुभव असा की या वयातल्या मुलीला सर्वांत आधी अडवतो तो धर्म नव्हे, घरही नव्हे. नवशिकी दिसण्याची लाज तिला अडवते. आपण मोठी माणसं नंतर आपापले आक्षेप त्या लाजेवर रचत जातो.

गणित चुकलं तर वही मिटता येते. गाण्याचा रियाज दार लावून करता येतो. नाच शिकताना चूक अख्ख्या अंगावर दिसते, आणि तीही अशा वयात जेव्हा ते अंग तिचं तिलाच नवं असतं. उंची अचानक वाढलेली असते. ओढणी सावरायची सवय नुकती लागलेली असते. 'नीट बस', 'हळू चाल', 'आवाज खाली' हे घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येत असतं. जे शरीर आवरून घ्यायला तिला कालपरवाच शिकवलं, तेच घेऊन तिने चार लोकांसमोर उभं राहायचं. पोरगी घाबरणार नाही तर काय होईल?

आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी गेल्या वर्षी कथकच्या क्लासला जाऊ लागली. घरून परवानगी मिळवायला दोन महिने लागले. ती गोष्ट तिच्या अम्मीची आहे, मी इथे सांगणार नाही. खरी अडचण परवानगीनंतर सुरू झाली. क्लासमध्ये नव्या मुली सगळ्या सात-आठ वर्षांच्या आणि ही त्यांच्यात सगळ्यांत उंच. पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, "आपा, मैं तो उन सब की अम्मी लगती हूँ." आम्ही दोघी हसलो. पण दुसऱ्या आठवड्यात तिला जायचं नव्हतं, आणि तेव्हा ती हसत नव्हती.

पहिला महिना नुसता तत्कार. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. छोट्या मुलींचे पाय आपसूक पळायचे, हिचे अडखळायचे, कारण ही प्रत्येक पावलाचा विचार करायची. टाचा दुखायच्या. घर दुसऱ्या मजल्यावर, फरशी कडक. खालच्यांना त्रास नको म्हणून सराव दुपारी, ते घरी नसताना. तिसऱ्या महिन्यात मात्र गंमत झाली. तीनतालाच्या सोळा मात्रा आणि तिहाई समेवर कशी येऊन पडते याचा हिशोब तिला वहीत मांडता येऊ लागला. एक तुकडा तीनदा घ्यायचा आणि शेवटचा ठोका बरोबर पहिल्या मात्रेवर पडायला हवा, म्हणजे सुरुवात कुठून करावी लागेल? छोट्या मुली हे पाठ करत होत्या, ही सोडवत होती. उशिरा सुरुवात केल्यावर पायांची चपळाई थोडी हुकते हे मान्य, पण समज हाताशी येते. आपण मुलांना सांगताना फक्त पहिला भाग सांगतो.

दुसरी एक गोष्ट तिच्या ध्यानीमनी नव्हती. कथकमध्ये रंगमंचावर येतानाच्या बोलांना 'आमद' म्हणतात. नंतर 'सलामी' येते. 'अदा', 'नज़ाकत', खुद्द 'रियाज' हा शब्दही. त्या क्लासमध्ये 'आमद'चा अर्थ समजावून सांगावा न लागलेली ती एकटीच होती. लखनौ घराण्याचं कथक अवधच्या नवाबी दरबारात बहरलं. वाजिद अली शाह स्वतः ते शिकले होते, आणि १८५६ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतल्यावर कलकत्त्याच्या मटियाबुर्जला गेले तेव्हा गाणं-नाच त्यांच्यासोबत गेलं. इकडे महाराष्ट्रातही पेशवाईच्या काळात लावण्या रचणारे सगनभाऊ मुसलमान शिकलगार होते. 'हे आपलं नाही' म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा चाळावा. इतिहासामुळे कुणी नाच शिकावा असं नाही, पण परकेपणाची सबब तरी राहत नाही.

वयाबद्दल बोलायचं तर मी मुलींना जोहरा सेहगल यांची गोष्ट सांगते. सिनेमातल्या मिश्किल आजी म्हणून त्या सगळ्यांना आठवतात. पण जन्म १९१२ चा, रामपूरचं रोहिला पठाण घराणं, नाव जोहरा मुमताजुल्ला खान. लहानपणी झाडांवर चढणारी पोरगी. शिक्षण लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजात, कडक पडद्यात. पुढे मामांसोबत मोटारीने इराण, सीरिया, इजिप्त करत ती युरोपला पोहोचली आणि १९३० च्या सुमाराला जर्मनीतल्या ड्रेस्डेनला मेरी विगमान यांच्या नृत्यशाळेत दाखल झाली. वय अठराच्या आसपास. तोवर नाचाचं कसलंही शिक्षण नव्हतं. भाषा परकी, सोबतच्या मुली परक्या, आणि शिकायचं होतं ते युरोपातलं आधुनिक नृत्य. तिथे तिने तीन वर्षं काढली. १९३५ मध्ये उदय शंकर यांच्या संचात आली, त्यांच्यासोबत जपानपासून अमेरिकेपर्यंत नाचली, मग अल्मोड्याच्या त्यांच्या केंद्रात इतरांना शिकवू लागली. १९४५ पासून मुंबईत पृथ्वी थिएटर.

मुलींना यातलं काय भावतं ते पाहण्यासारखं असतं. देशोदेशीचे दौरे त्यांना फारसे शिवत नाहीत. "झाडावर चढायची?" एवढंच विचारतात. आपलं शरीर आधीपासून बरंच काही करतं, ते काही कोरी पाटी नाही, हे त्यांना तिथे कळतं. पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन जिना चढणाऱ्या मुलीला तोल शिकवावा लागत नाही.

खुद्द उदय शंकर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि नंतर लंडनला चित्रकला शिकले होते. नाचाचं रीतसर शिक्षण नव्हतं, तरी १९२३ मध्ये ॲना पाव्हलोव्हासोबत रंगमंचावर उभे राहिले. पुण्याच्या रोहिणी भाटे कथककडे वळल्या त्या विशी ओलांडल्यावर. १९४७ मध्ये त्यांनी 'नृत्यभारती' सुरू केली आणि त्यानंतरही कित्येक वर्षं लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकत राहिल्या. म्हणजे शिकवणं आणि शिकणं एकाच वेळी. हे मला, शिक्षक म्हणून, फार आवडतं.

आता धर्माचं. मी मुफ्ती नाही आणि इथे फतवा देणार नाही. अनेक उलेमा नाचाला, विशेषतः पुरुषांसमोरच्या नाचाला, मनाई करतात. ते मत आहे आणि त्याला आधार आहेत. दुसरीकडे ईदच्या दिवशी मस्जिद-ए-नबवीत हबशी लोक भाले-ढालींचा खेळ करत होते आणि हजरत आयेशा (र.) प्रेषितांच्या (स.) खांद्याआडून, मन भरेपर्यंत तो पाहत होत्या, ही हदीस बुखारीत आहे. कुणी तिला शस्त्रांचा सराव म्हणतात, कुणी त्यात आनंदाची मोकळीक पाहतात. सूफींच्या रक्सवरही शतकानुशतकं वाद आहेत. ज्या घराला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, त्याने तो जरूर विचारावा, आलिमांना विचारावा, मुलीसमोर बोलावा. मुलींच्याच क्लासला जावं, स्टेजवर जाऊ नये, अशा अटीही काही घरं घालतात. ते त्या घराने ठरवावं.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण हा आक्षेप सरळ सांगत नाही. 'आमच्या घरात हे चालत नाही' असं म्हणण्याऐवजी म्हणतो, 'तुला काय जमणार', 'तुझं अंग बघ', 'आता या वयात?' नकार आपला असतो आणि अपात्र मात्र मुलगी ठरते. 'घरून परवानगी नाही' हे ऐकून मुलगी रागावेल, रडेल, कदाचित चार वर्षांनी पुन्हा विचारेल. 'तुला जमणार नाही' हे ऐकलेली मुलगी पुन्हा विचारत नाही. तेच वाक्य ती पुढे पोहण्याला लावते, गाडी चालवण्याला लावते, मुलाखतीला लावते. मुलगी नाचली की नाही, हा त्या मानाने लहान प्रश्न.

आणि जरा आपल्या लग्नांकडेही पाहा. वरातीत डीजेसमोर भाऊ, चुलतभाऊ, मामेभाऊ तास-तास नाचतात. त्यांना कुणी वय विचारत नाही, दलील मागत नाही. पण त्यातल्याच एखाद्या मुलाने म्हटलं की मला हे नीट शिकायचंय, रोज तासभर, गुरूकडे जाऊन, की लगेच 'नाच्या' म्हणून हाक येते. याला जातधर्म नाही. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा काय भोगतो ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. बेताल नाचलं तर मर्दानगी, तालात नाचलं तर बदनामी. मुलाची लाज मुलीपेक्षा कमी नसते. फक्त तो ती वर्ग रिकामा झाल्यावरही सांगत नाही.

आमच्या या नालवाडीत १९३० च्या दशकात विनोबा राहत. पुढे पवनारला गेल्यावर, चाळिशी उलटलेली असताना, कुराण मुळातून वाचायचं म्हणून त्यांनी अरबी शिकायला घेतली. 'ऐन' आणि 'काफ' मराठी घशातून काढताना काय हाल होतात ते मी माझ्या संध्याकाळच्या वर्गात पाहते. जीभही शरीरच आहे आणि तीही हट्टी असते. विनोबांना कुणी वयाची आठवण करून दिल्याचं ऐकिवात नाही. याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला. हाताने काम करत शिकायचं हा त्याचा गाभा, आणि विषयांमध्ये संगीत आणि चित्रकलाही होती. बी.एड.ला आम्ही हे प्रश्नोत्तरासाठी पाठ केलं. शाळेत आलो तर संगीताचा तास गणिताचा जादा तास झालेला.

दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळतात हे खरं, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेच्या ठराविक परीक्षा आधी द्याव्या लागतात. नववीत सुरुवात करणाऱ्या मुलीच्या पदरात त्यातलं काही पडणं कठीण. पालकांना मी हे स्पष्ट सांगते. मग विचारतात, "फिर फायदा क्या?" फायदा नाहीच. तिला आवडतं, एवढंच. मुलांना गुणांशिवाय एखादी गोष्ट आवडू शकते, याची सवय आपल्यालाच करून घ्यावी लागेल.

पुढच्या पालकसभेत मी एकच गोष्ट मागणार आहे. गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस पाच-सहा 'चांगल्या' मुली निवडून एक नाच बसवण्याची पद्धत बंद करावी, आणि वर्षभर, आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर हॉल उघडा ठेवावा. शिकवायला बाईच असतील. प्रेक्षक नाहीत, मोबाईल नाहीत, स्टेजवर यायची सक्ती नाही. आठवीच्या पुढच्या मुलींची वेगळी तुकडी, म्हणजे कुणाला कुणाची अम्मी वाटायला नको. मुलांसाठी वेगळा दिवस. हॉल पाचला रिकामा होतो आणि चावी शिपायाकडे साडेसहाला द्यावी लागते. दीड तास आहे.