नदीकाठच्या सपाट सायकलवाटेचा विसरलेला इतिहास

१) जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारा सायकलमार्ग युरोपातील अत्यंत लोकप्रिय मार्गांपैकी एक आहे. सुमारे ३०० किलोमीटरच्या या अंतरात नदी अवघी १४० मीटरच्या आसपास खाली उतरते. वाटेत चढ जवळजवळ नाहीत, मोटारींची वर्दळ नाममात्र. पर्यटनाची माहितीपत्रके या सपाटीचे सारे श्रेय निसर्गाला देतात. इतिहास मात्र ते श्रेय माणसांना, घोड्यांना आणि कायद्याला देतो.

२) नदीचा काठ मुळात सपाट नसतो. कुठे कडा पाण्यात उतरतो, कुठे दलदल असते, कुठे दाट झाडी, तर कुठे उपनद्या येऊन मिळतात. पाण्यालगतची, सलग आणि एका पातळीवरची वाट कुणीतरी मुद्दाम घडवावी व राखावी लागते. युरोपात ती राखली गेली प्रवाहाविरुद्ध नावा ओढण्यासाठी. ऑस्ट्रियात तिला ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात, इंग्लंडमध्ये ‘टोपाथ’. मराठीत तिला ‘ओढवाट’ म्हणता येईल.

३) बाष्पशक्ती येण्यापूर्वी प्रवाहाबरोबर खाली जाणे सोपे होते, वर येणे हाच खरा प्रश्न होता. शीड वाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून, वल्ही जड मालापुढे अपुरी. उरला तो दोर. तरंगणारे ओझे ओढायला जमिनीवरील गाडीपेक्षा कितीतरी कमी बळ लागते. मात्र त्यासाठी वाट अखंड हवी, काठाला लागून हवी, चढउतार नको आणि दोर अडकेल असे झाड किंवा कुंपण मध्ये नको. आजच्या सायकलस्वाराला नेमके हेच हवे असते. त्याची सोय होण्यापूर्वी ती घोड्याची गरज होती.

४) डॅन्यूबवर वरच्या दिशेने जाणारे ताफे प्रचंड असत. धान्य व मद्याने भरलेल्या अनेक नावा एकामागोमाग बांधलेल्या आणि पुढे तीस-चाळीस घोडे, प्रसंगी त्याहूनही अधिक. आज सायकलवर काही दिवसांत होणाऱ्या प्रवासाला या ताफ्यांना आठवडेच्या आठवडे लागत. ग्राइन गावाजवळच्या अरुंद घळीतील खडक आणि भोवरे तर विशेष कुप्रसिद्ध होते. नाव प्रवाहात फिरली आणि दोर वेळीच तोडला नाही, तर घोडा व स्वार दोघेही पाण्यात खेचले जाण्याचा धोका असे.

५) घोडे परवडत नसत तिथे माणसे जुंपली जात. रशियातील व्होल्गा नदीवर अशा मजुरांना ‘बुर्लाक’ म्हणत. चित्रकार इल्या रेपिन यांनी १८७० ते १८७३ या काळात रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात छातीवर पट्टे घेतलेले अकरा बुर्लाक नाव ओढताना दिसतात. त्याच चित्रात दूर क्षितिजाजवळ एक लहानशी आगबोट आहे. एका व्यवसायाचा अंत त्या धुराच्या रेषेत सूचित झाला आहे.

६) परंतु केवळ श्रमांनी वाट टिकत नाही. नदीकाठची जमीन कुणाच्या तरी मालकीची असते. मालक कुंपण घालतो, झाडे लावतो, वाट अडवतो. हा प्रश्न फ्रान्सने कायद्याने सोडवला. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, मंत्री कोल्बेर यांच्या पुढाकाराने १६६९ साली जल व वनांविषयीचा राजादेश निघाला. नौकानयनयोग्य नद्यांच्या काठच्या जमीनमालकांनी घोड्यांसाठी किमान २४ फूट रुंदीची पट्टी मोकळी सोडावी, नावा ज्या बाजूने ओढल्या जातात तिथे ३० फुटांच्या आत आणि समोरच्या काठावर १० फुटांच्या आत झाड किंवा कुंपण नसावे, असे त्यात बजावले होते.

७) जमीन मालकाचीच राहिली, तिच्यावरून जाण्याचा हक्क मात्र सार्वजनिक झाला. आजच्या फ्रेंच कायद्यातही ओढवाटेची रुंदी ७.८० मीटर, तर समोरच्या काठावरील पायवाटेची ३.२५ मीटर आहे. हे आकडे असे अवघड का? कारण जुन्या फ्रेंच मापातील २४ फूट म्हणजे ७.८० मीटर आणि १० फूट म्हणजे ३.२५ मीटर. राजेशाही गेली, क्रांती झाली, मापनपद्धती बदलली. कोल्बेर यांची पट्टी तेवढी राहिली.

८) नेपोलियनने १८०८ च्या आदेशाने हा नियम साम्राज्यातील सर्व नौकानयनयोग्य नद्यांना लागू केला आणि नव्याने बंधन येणाऱ्या काठच्या मालकांना भरपाईची तरतूद केली. सार्वजनिक हक्क आणि खाजगी मालकी यांचा समतोल साधण्याचा हा प्रयत्न होता. तो निर्दोष नव्हता, पण त्याने वाट अखंड ठेवली.

९) इंग्लंडमध्ये नेमके उलट घडले. १७८९ साली ‘बॉल विरुद्ध हर्बर्ट’ या खटल्यात तेथील न्यायालयाने निर्णय दिला, की नौकानयनयोग्य नदीच्या काठावरून नावा ओढत नेण्याचा कोणताही सर्वसाधारण सार्वजनिक हक्क प्रचलित कायद्यात नाही. तो हक्क हवा असेल तर त्या त्या नदीपुरता कायदा, जुनी वहिवाट किंवा मालकाची संमती दाखवावी लागे.

१०) याचा परिणाम थेम्स नदीच्या काठावर आजही दिसतो. जमीनमालकांच्या विरोधामुळे तेथील ओढवाट वारंवार एका काठावरून दुसऱ्या काठावर जाई आणि घोडे तरीतून पलीकडे न्यावे लागत. मालवाहतूक संपली, तरी बंद पडल्या आणि वाट तुकड्यांत उरली. १९९६ मध्ये थेम्सकाठचा राष्ट्रीय पदमार्ग खुला झाला, तेव्हाही काही ठिकाणी नदी सोडून वळसे घ्यावे लागले. सायकलला तर त्याच्या काही भागांतच परवानगी आहे. अठराव्या शतकातील नकार एकविसाव्या शतकातील वळशांत जिवंत आहे.

११) १८२९ साली डॅन्यूबवर आगबोटींची कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षी तिची बोट व्हिएन्नाहून बुडापेस्टच्या दिशेने निघाली. पाठोपाठ लोहमार्ग आले. घोड्यांचे ताफे हळूहळू इतिहासजमा झाले. ओढवाट निरुपयोगी ठरली. या कथेतील खरा कसोटीचा काळ तोच होता. निरुपयोगी वाटणाऱ्या सार्वजनिक पट्टीवर हक्क राखायचा की ती सोडून द्यायची? जिथे नदीच्या देखभालीसाठी वा कायद्याच्या बळावर ती राखली गेली, तिथेच १९८० च्या दशकात डॅन्यूबकाठच्या सायकलमार्गासारखी योजना उभी राहू शकली.

१२) हे रूपांतर आपोआप झाले नाही. नावा ओढण्याचा हक्क म्हणजे सायकल चालवण्याचा हक्क नव्हे. फ्रान्समध्ये जलमार्गाची यंत्रणा आणि स्थानिक संस्था यांच्यात त्यासाठी करार करावे लागले. डॅन्यूबवर वीजनिर्मितीसाठी धरणे झाली. १९५९ मध्ये पूर्ण झालेल्या इब्स-पर्झेनबॉयग प्रकल्पाच्या जलाशयाने ग्राइनजवळची जुनी धोक्याची घळ शांत केली. आजची वाट जशीच्या तशी घोड्यांची नाही. पण तिचा सलगपणा मात्र वारशाने आलेला आहे.

१३) यावर आक्षेप घेता येईल, की निधी आणि डांबर असेल तर अशी वाट कुठेही बांधता येते, घोड्यांची आठवण हवी कशाला? थेम्सचे उदाहरण याला उत्तर देते. पैसा होता, इच्छा होती, तरीही वाट सलग होऊ शकली नाही, कारण हक्क सलग नव्हता. काठावरील वाट ही आधी कायद्याची आणि मग डांबराची वस्तू आहे.

१४) भारताची गोष्ट निराळी. गंगेवरही दोराने नावा ओढल्या जात. बंगालीत त्या दोराला ‘गुण’ म्हणतात. पण गंगेचे काठ ढासळतात, पात्र सरकते, त्यामुळे कायमची वाट घडली नाही. दख्खनच्या नद्या तर पावसाळ्यात रौद्र आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या. म्हणूनच मराठीत नदीशी जोडलेले शब्द ‘घाट’, ‘उतार’, ‘तर’ असे आहेत. ते नदीपाशी जाण्याचे किंवा ती ओलांडण्याचे शब्द आहेत, तिच्या काठाने दूरवर जाण्याचे नाहीत.

१५) महाराष्ट्रातील शहरांत नदीकाठी सायकलमार्ग आखताना युरोपचे दाखले दिले जातात, तेव्हा हा फरक ध्यानात घ्यायला हवा. येथे वारशाने मिळालेली ओढवाट नाही. काठाची सपाट जमीन ही पुराची स्वतःची जागा आहे. निळी आणि लाल पूररेषा तेच सांगते. पात्रात भराव टाकून केलेली वाट ही डॅन्यूबची नक्कल ठरेल, तिचा धडा नव्हे. धडा एवढाच, की काठावरची पट्टी मोकळी राखावी, तिच्यावर सर्वांचा हक्क लेखी असावा आणि आज तिचा उपयोग दिसत नसला तरी ती विकू नये.

१६) युरोपातील जुन्या पुलांच्या कडेच्या दगडांवर आणि लोखंडी पट्ट्यांवर आजही ओल्या दोरांनी कापलेल्या खोल खाचा आढळतात. पर्यटनाच्या फलकांवर किल्ले, मठ आणि द्राक्षमळे यांची माहिती भरपूर असते. या खाचांविषयी क्वचितच काही लिहिलेले दिसते. ज्या वाटेवर आज लोक विश्रांतीसाठी जातात, ती विश्रांती न मिळालेल्यांनी घडवली. तिच्या फलकांवर पहिली ओळ त्यांची असायला हवी.