स्विचमागची साधना

मुंबईच्या थ्री-फेज उपनगरी गाड्यांच्या मोटारींना हवी तशी वीज पुरविण्याचे काम आयजीबीटी नावाचा अर्धवाहक स्विच करतो. रोज त्या गाडीने जाणाऱ्यांना त्याचे अस्तित्व जाणवत नाही, आणि त्याच्या जनकांपैकी प्रमुख असलेले जयंत बालिगा हे नावही आपल्याकडे फारसे परिचित नाही.

बालिगांचा जन्म 1948 मधील मद्रासचा. 1969 साली तेथीलच आयआयटीची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि 1974 साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. त्या काळी मॉस्फेट किंचितशा विद्युतदाबाने चालू-बंद करता येई. पण उच्च दाबाला त्याचा रोध फार वाढे. बायपोलर ट्रान्झिस्टर मोठा प्रवाह वाहून नेई. पण त्याला चालविण्यासाठीच बराच प्रवाह खर्ची पडे. दोहोंचे गुण एकत्र आणण्याची कल्पना कागदावर सोपी होती. प्रत्यक्षात नव्या रचनेत दडलेला थायरिस्टर जागा झाला की स्विच बंदच होईना. एरवीही तो सावकाश बंद होई. बालिगांनी रचना बदलून पहिला दोष आटोक्यात आणला. दुसऱ्यासाठी इलेक्ट्रॉनांचा मारा केला आणि त्याने ऑक्साइडच्या थराला झालेली इजा उष्णता देऊन भरून काढली. श्रेय अर्थात एकट्याचे नव्हे. आरसीएतील संशोधकही याच वाटेवर होते. थायरिस्टरचा दोष 1984 मध्ये जपानच्या तोशिबातील संशोधकांनी अधिक समर्थपणे दूर केला.

1988 पासून बालिगांनी नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात अध्यापन केले. 2024 मध्ये त्यांना मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला. अशा वेळी आपण हळहळतो, की अशी माणसे देश सोडून का जातात? त्यांना तिकडे काय मिळाले, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. अर्धवाहकाचा संशोधक आणि मोटारी, दिवे बनविणारे अभियंते तेथे एकाच उद्योगात होते. गरज व प्रयोग यांच्यात अंतर नव्हते.

अर्धवाहक उद्योगासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये 76 हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पैशाने कारखाना उभा राहील. अभियंता मात्र अपयश पचविणाऱ्या वातावरणातच घडतो. उपकरण जळाल्यावर लेखी खुलासा मागणारी कार्यालये आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते का जळाले, हे विद्यार्थ्याबरोबर बसून शोधणाऱ्या प्रयोगशाळा वाढल्या, तरच त्या कोटींचे चीज होईल.