सायकलचा गेम आणि घरातला एकच कंट्रोलर

ईदीचे पैसे हातात आले की मुलांची यादी तयारच असते आणि हल्ली त्या यादीत नव्या कपड्यांच्याही वर एखादा गेम असतो. अम्मी विचारते, "मारामारीचा तर नाही ना?" मुलगा सांगतो, "नाही अम्मी, सायकलचा आहे." तेवढ्यावर घर निश्चिंत होते. आम्ही म्हणतो, थोडे थांबा. सायकलींच्या गेममध्येही फरक असतो.

2003 साली प्लेस्टेशन 2 वर 'डाउनहिल डॉमिनेशन' नावाचा गेम आला. डोंगराच्या माथ्यावरून सायकली सुसाट खाली सुटतात. शेजारून कोणी पुढे जाऊ लागला तर त्याला बुक्की मारायची, लाथ घालायची, पाडायचे आणि आपण पुढे निघायचे. गेम वेगवान आहे, रंगतदारही आहे. ज्यांनी लहानपणी खेळला ते आजही त्याची आठवण काढतात. पण सायकलच्या नावाखाली त्यात मारामारी होतीच.

त्याच्या अगदी उलट 'लोनली माउंटन्स: डाउनहिल'. बर्लिनच्या मेगागॉन इंडस्ट्रीज या छोट्या कंपनीने तो केला. 2019 मध्ये प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर आला, पुढच्या वर्षी निन्टेन्डो स्विचवर. चार डोंगर, प्रत्येकावर चार वाटा. पडद्यावर एकटा स्वार, त्याची सायकल आणि खाली जाणारी पायवाट. दुसरे कोणीही नाही. पहिल्या फेरीला घड्याळही नसते. वाट बघत, झाडांतून, दगडांवरून, ओढ्याकाठाने खाली पोहोचायचे, बस्स. मग आव्हाने सुरू होतात: इतक्या वेळात उतरा, इतक्यापेक्षा कमी वेळा पडा. पडणे तर ठरलेलेच आहे. दगडावर आपटले, कड्यावरून गेले की क्षणात मागच्या टप्प्यावर परत उभे. आखलेली वाट सोडून मधूनच उडी मारायलाही मुभा आहे. ती उडी साधली तर वेळ वाचतो, नाही साधली तर स्वार दरीत.

आम्हाला हा गेम जास्त खरा वाटतो, कारण मूळ खेळही असाच आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला फेअरफॅक्स गावाजवळ एक उतार आहे, त्याला 'रीपॅक' म्हणतात. 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही तरुणांनी तिथे पहिली शर्यत लावली. सायकली जुन्या, जाड टायरच्या, पॅडल उलटे दाबून ब्रेक लावायच्या. खाली येईपर्यंत तो ब्रेक इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि चाकाच्या हबमध्ये ते नव्याने भरावे लागायचे. त्यावरूनच हे नाव पडले. तिथे सगळे एकदम सुटत नसत. एकेक जण ठरावीक अंतराने निघे आणि खाली घड्याळ लावून वेळ मोजली जाई. गॅरी फिशरने तो उतार 4 मिनिटे 22 सेकंदांत उतरून विक्रम केला. डाउनहिलच्या मोठ्या स्पर्धा आजही एकेकट्याने, घड्याळाविरुद्धच होतात. लाथ मारायला शेजारी कोणी नसतेच!

घरात याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. कंट्रोलर (दादीच्या भाषेत 'रिमोट') एक आणि मुले तीन, ही बहुतेक घरांची स्थिती. 'लोनली माउंटन्स' हा एकट्याने खेळायचा गेम, म्हणजे भांडण ठरलेले असे वाटेल. पण त्यात टप्पे जवळजवळ आहेत आणि पडणे वारंवार. तेव्हा नियम सोपा करा: पडला की कंट्रोलर पुढच्याच्या हाती. मोठा भाऊ तासभर अडवून बसू शकत नाही, कारण तोही दर मिनिटाला पडतो. बाकीचे बघत बसतात, "डावीकडून घे, डावीकडून!" म्हणून ओरडतात आणि शिकतात.

या रांगेत मुलीचे नाव असू द्या, आणि तेही शेवटी नको. भाऊ खेळतो आणि बहीण पाणी आणून देते, हे चित्र अजून पुष्कळ घरांत आहे. ब्रिटनच्या ॲथर्टन घरातली तीन भावंडे, डॅन, जी आणि बहीण रेचल, तिघेही या खेळात उतरली. 2008 मध्ये इटलीतल्या वाल दी सोले इथे जी पुरुषांचा आणि रेचल महिलांचा डाउनहिल विश्वविजेता ठरली. 2016 च्या हंगामात तर रेचलने विश्वचषकाची एकही फेरी सोडली नाही, सगळ्या जिंकल्या. "सायकल मुलांची" म्हणणाऱ्या भावाला हे जरूर ऐकवा.

आता खोट. पडल्यावर लगेच परत उभे राहता येते, हीच या गेमची लज्जत आणि हाच त्याचा फास. "अजून एकदाच" म्हणता म्हणता जेवण गार होते, गृहपाठ राहतो. अर्धा तास झाला म्हणून मध्येच टीव्ही बंद केलात तर मूल चिडणारच, कारण ते उताराच्या मधोमध असते. त्याऐवजी वाटा मोजा: आज दोन वाटा, दुसरी संपली की बंद. एखादी वाट मुलाला झेपतच नसेल, तर ती अर्धवट सोडून उठायलाही शिकवावे लागते. ते कठीण आहे आणि अब्बांनी स्वतः मोबाइल खाली ठेवल्याशिवाय होत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. गेममधला स्वार शंभरदा दरीत पडून शंभरदा उठतो. खरा डाउनहिलवाला तोंडासकट डोके झाकणारे हेल्मेट घालतो, गुडघ्यांना-कोपरांना गार्ड बांधतो, आणि तरीही त्याची हाडे मोडतात. त्याच्या सायकलला दोन्ही चाकांवर सस्पेन्शन असते, ब्रेक दमदार असतात. आपल्या मुलाची सायकल मोहल्ल्यातल्या सपाट रस्त्यासाठी घेतलेली असते. सुट्टीत तीच सायकल घेऊन तो टेकडीवर निघाला, तर आधी मागचा-पुढचा ब्रेक स्वतः दाबून बघा, रबर झिजले असेल तर बदलून घ्या आणि हेल्मेटशिवाय सोडू नका. उतारावर पुढचाच ब्रेक एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, हे त्याला आधी सांगून ठेवा.

आणि घरात खेळताना टीव्हीचा आवाज पार बंद करायला सांगू नका. या गेममध्ये उतरताना संगीत वाजत नाही. पाखरे, वारा, ओढ्याचे पाणी आणि चाकाखाली कचकचणारी खडी, एवढेच ऐकू येते. शेजारी बसून भाजी निवडत असलात तरी त्याचा त्रास होत नाही.