बेडूक पेटीत वाढेल, पण जंगलाचं काय?

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात एक पिवळाधमक बेडूक राहतो. लांबी जेमतेम 5 सेंटिमीटर, पण कातडीतलं विष कित्येक माणसांचा जीव घेईल इतकं जालीम! तिथले एम्बेरा आदिवासी शिकारीच्या बाणांची टोकं त्याच्या पाठीवर घासत. म्हणूनच या बेडकांना 'पॉयझन डार्ट फ्रॉग' म्हणजे विषबाण बेडूक असं नाव पडलं.

गंमत अशी, की याच बेडकांची पिल्लं काचेच्या पेटीत फळमाश्यांवर वाढवली, तर ती बिनविषारी निघतात. असं का? तर हे विष जंगलातल्या मुंग्या, बारीक कोळी अशा खाद्यातून त्यांच्या अंगात साठतं. पेटीत रंग तोच राहतो, विष मात्र येत नाही.

परदेशात हे रंगीत बेडूक हौसेने पाळले जातात. मग त्यांची पैदास करावी का? माझं मत विचाराल तर जरूर करावी. कारण मागणी असली की चोरटे जंगलात शिरतातच. जानेवारी 2024 मध्ये बोगोटाच्या विमानतळावर एका महिलेच्या सामानात 130 विषबाण बेडूक सापडले, तेही कॅमेऱ्याच्या रिळांच्या डब्यांत कोंबलेले! कोलंबियातच 'तेसोरोस दे कोलोम्बिया' हा प्रकल्प परवाना घेऊन बेडकांची पैदास करतो आणि ते परदेशी विकतो. कायदेशीर बेडूक मिळाला, तर चोरीचा कोण घेईल, हा त्यामागचा विचार आहे.

पण हे काम वाटतं तितकं सोपं नाही. काही जातींत आई पाण्याने भरलेल्या पानाच्या खोबणीत एकेक पिल्लू सोडते आणि स्वतःची न फळलेली अंडी त्याला खाऊ घालते. अशा जातींची पिल्लं पेटीत वाढवायला फार वेळ आणि चिकाटी लागते. जंगलातून उचलणं त्यापेक्षा सोपं. म्हणून पाळणाऱ्याने बेडूक कुठे जन्मला याचे कागद मागितलेच पाहिजेत. कागद नसतील तर बेडूक घेऊ नये.

आणि पैदास झाली म्हणजे बेडूक वाचला, असं समजू नका. इक्वेडोरमधल्या एका विषबाण बेडकात शास्त्रज्ञ जॉन डेली यांना मॉर्फिनपेक्षा कितीतरी प्रभावी वेदनाशामक द्रव्य सापडलं. ते इतकं विषारी होतं की त्याचं औषध झालं नाही, पण नव्या औषधांच्या शोधाला त्यातून दिशा मिळाली. पेटीत वाढलेल्या बेडकात मात्र ते द्रव्य मिळालं नाही.

थोडक्यात काय, तर पैदास चोरी कमी करू शकते, पण जंगलाची जागा घेऊ शकत नाही. जंगल तुटलं, तर पेटीत फक्त एक सुंदर, बिनविषारी बेडूक उरेल.

तुम्हाला काय वाटतं? वर्गात यावर जरूर चर्चा करा.