होडीचा ठावठिकाणा कुणाकडे?

मार्वेहून फेरीबोटीने मनोरीला उतरलो की मासेमारीच्या होड्या दिसतात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांनी अशा नौकांसाठी १ लाख ट्रान्सपाँडरची योजना सुरू केली. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते. हे यंत्र थेट उपग्रहाशी जोडलेलं. वादळाचा इशारा देतं, संकटात हाक पोचवतं. मला ते हवंच आहे. पण होडी कुठे आहे, हेही तेच कळवतं. २६/११नंतर कोळ्यांमागे ओळखपत्रं, तपासण्या लागल्या. संशयाची नजर कशी असते, हे आम्हा मुसलमानांना कुणी सांगायला नको. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे. नोंदी कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे मच्छीमार सोसायटीला मराठीत लेखी द्या.